तिच्या हाताला जड

"दाबा," ती म्हणाली.

मी क्लच दाबला. तिनं उजवा हात पदराला पुसला, गिअरच्या मुठीवर उपडा ठेवला, डोळे मिटले आणि दांडा पुढे सारला. "बसला," म्हणाली. मी क्लच सोडला आणि गाडी बुरोंडीच्या उताराला लागली.

आमच्या दोघांचं शेवटचं साधं काम ते. मी स्टेअरिंगवर, बायको शेजारच्या सीटवर. पाय माझे, हात तिचा. सव्वीस वर्षं आम्ही गाड्या तपासल्या त्या अशाच. सकाळी बुरोंडीला जाऊन आलो आणि दुपारी ती गेली.

तिचं नाव लिहीत नाही. जिवंतपणी तिला कोणी नावानं हाक मारली नाही. सगळे मिस्त्रीण म्हणायचे, मी अगो म्हणायचो. आता कागदावर नाव लिहून काय साधणार?

मी गिअरबॉक्सचा मिस्त्री. तिसरीत शाळा सोडली आणि हातात पाना घेतला. दापोलीहून बुरोंडीकडे उतरणारा रस्ता आहे, त्याच्या कडेला सड्यावर, वरच्या उघड्या कातळावर, माझं पत्र्याचं गॅरेज. मागे वीस पावलांवर घर. इंजिनाचं काम मी घेत नाही, रंगाचं घेत नाही. ज्याचा गिअर कुरकुरतो त्यानं माझ्याकडे यावं.

आता पाय माझे आणि हात तिचा, ही काय भानगड, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. एका जीपचा गिअरबॉक्स उतरवत होतो. जॅक सरकला आणि माझा डावा हात खाली सापडला. बोटं राहिली, पण मधल्या तिन्हींतला जीव गेला. अंगठा आणि करंगळी तेवढी शाबूत. बाकीची तीन विस्तवावर धरली तरी मला कळत नाही, वास आल्यावर कळतं.

आपल्याकडे गिअर टाकायचा तो डाव्या हातानं. गिअरबॉक्स जोडून झाला की तो बरा झाला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. कानाला थोडं ऐकू येतं. खरं कळतं ते हाताला. आत खडा आहे, रिंग झिजलीय, बुश सैल आहे, हे सगळं दांडा हाताला सांगतो. माझा हात बहिरा झाला होता. मी दांडा धरायचो आणि खांद्याच्या जोरावर लोटायचो. गिअर पडायचा. कसा पडला ते कळायचं नाही.

त्या दिवसांत वडापची, म्हणजे माणसं भरून नेणारी, एक जीप तीनदा माझ्याकडे परत आली. तिसऱ्या वेळी त्या ड्रायव्हरनं चार लोकांत माझी अब्रू काढली. "मिस्त्री, आता भजीची गाडी टाका," म्हणाला. बायको भाकरी घेऊन आली होती. तिनं डबा खाली ठेवला, जीपमध्ये शेजारच्या सीटवर चढून बसली आणि मला म्हणाली, "अवो, तुम्ही पायानं काय करता ते करा. मी दांडा हलवून बघते."

"तुला काय कळणार?" मी म्हटलं.

"नाय कळलं तर उतरेन."

मी क्लच दाबला. तिनं डोळे मिटून दांडा फिरवला. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्याला थांबली. परत दुसऱ्यात आणला, परत तिसऱ्यात नेला. भातात खडा लागल्यावर माणूस जसं तोंड करतं तसं तोंड केलं. "हितं मध्ये काहीतरी हाय. बारीक. दर वेळी नाय लागत."

मी गिअरबॉक्स चौथ्यांदा उघडला. पितळी रिंगेचा एक दात अर्धा तुटलेला होता. तीन वेळा माझ्या बहिऱ्या बोटांखालून तो गेला होता.

तेव्हापासून तिची बोटं ती माझी बोटं. काम झालं की मी घराकडे तोंड करून हाक मारायचो. ती चुलीवरचं उतरवून यायची. पदराला हात पुसायचा, मूठ उपड्या पंजाखाली घ्यायची, डोळे मिटायचे. "दाबा." मग "बसला." नाहीतर नुसती मान हलवायची. मान हलली की मी काही न विचारता पान्याकडे हात न्यायचो. तिच्या हातानं मला कधी फसवलं नाही. हे मोठेपणानं नाही लिहीत. याच विश्वासानं आमचा घात केला.

ड्रायव्हर लोक चेष्टा करायचे. एकानं विचारलं, "मिस्त्रीण, क्लच नवऱ्याचा, गिअर तुमचा. मग तुमच्या संसारात रिव्हर्स कोण टाकतं?"

"मीच टाकते," ती म्हणाली. "म्हणून तर गाडी घरी येते."

माणसाची परीक्षाही ती गिअरवरून करायची. गिऱ्हाईक गाडी आत आणायचं तेव्हा ही दारातून आवाज ऐकायची. "हा घरात बायकोवर ओरडत असणार," असं म्हणायची. मी म्हणायचो, गप बस, गिऱ्हाईक आहे. आठ दिवसांनी कळायचं, खरंच ओरडतो. एकदा मी विचारलं, "मी कसा टाकायचो गो, हात बरा होता तेव्हा?"

"तुम्ही?" ती हसली. "तुम्हाला कायम पुढच्या गिअरची घाई."

तिला गाडी चालवायची होती. पुरी, एकटीनं. दोन-तीनदा बोलली. मी म्हटलं, या वयात कशाला? पहिल्यांदा बोलली तेव्हा ती चाळिशीची होती. त्यानंतर ती बोलली नाही, मीही विषय काढला नाही. आता लोक मला विचारतात, तिची काही इच्छा राहिली होती का? मी नाही म्हणतो. काय सांगू?

तर ही शेवटची गाडी. इथल्याच एका आंबेवाल्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला आहे. मुलगा कसला, चाळिशीला टेकलाय. सहा महिने समुद्रात, मग घरी. त्यानं जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी घेतली. दोनच माणसांची, टप मागे पडणारी, शेवाळासारख्या रंगाची. जमिनीला एवढी चिकटलेली की आत बसायचं तर आधी नमस्कार घालावा लागतो. माझ्याकडे तो का आला? तर त्या गाडीचा गिअरचा दांडा जुन्या जीपसारखा सरळ गिअरबॉक्सात उतरतो. शहरातल्या लोकांनी त्याला सांगितलं, हे काम असल्या माणसाकडेच दे.

त्याला दांडा आखूड हवा होता. परदेशातून तीन दांडे घेऊन आला होता, एकेका खोक्यात, स्पंजात झोपवलेले.

"काका, मूठ जरा हलवली की गिअर पडला पाहिजे. आत्ता केवढा लांब फिरतो बघा," तो म्हणाला. "यातला कुठला घालायचा तेवढं मला कळेना. तिन्हींचेही लोक गुण गातात."

"कळणार कसा?" मी म्हटलं. "गुण वाचून दांडा निवडतात होय?"

तो हसला. मिस्त्रीणबाईंचं त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. म्हणाला, "काकूंच्या हाताला पटेल तो बसवा. मी पंधरा दिवसांनी बोटीवर जाणार, त्याआधी मला चालवायला मिळू दे म्हणजे झालं."

बायकोचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. तिच्या हाताची मागणी गिऱ्हाइकानं स्वतःहून केली ती पहिल्यांदा. घरात गेली आणि हात साबणानं धुऊन आली.

मी तिला समजावलं. दांडा एका गोळ्यावर उभा असतो. गोळ्याच्या वरचा भाग आपल्या हातात, खालचा गिअरबॉक्सात. बाजारातला आखूड दांडा म्हणजे वरून कमी आणि खालून जास्त. वितीचं काम चार बोटांत होतं. पण हात जेवढा कमी फिरतो तेवढा जोर जास्त लागतो.

"म्हणजे पहार आखूड धरायची," ती म्हणाली.

शाळा तिची चौथीपर्यंत. मला जे सांगायला पाच मिनिटं लागली ते तिनं पहारीवर आणून संपवलं.

पहिला दांडा अगदी आखूड, खाली गोळा बसायला पितळी वाटी. बसवला आणि सड्यावरून फेरी मारली. टाळी वाजावी तसा गिअर पडायचा आणि गिअरबॉक्सची सगळी थरथर मुठीत यायची. तिनं दोन वेळा टाकला आणि मान हलवली. "हा माणसाला घाई करतो. मध्ये थांबायला जागाच नाय. आणि जड हाय." जड होताच तो. मी काढला.

दुसऱ्याची उंची आट्यांनी कमीजास्त करता यायची. मी तो थोडा वर घेतला, मग आणखी थोडा. तीन दिवस हेच. ती यायची, हात ठेवायची, दोन-चार गिअर टाकायची. "पहिल्यापेक्षा बरा. पण अवो, हात भरून येतो."

"कुठं भरतो?"

"खांद्यापासून. कोपरापर्यंत उतरतो."

मी आटे आणखी फिरवले.

आता नीट ऐका, कारण इथे मी माती खाल्ली. एका सकाळी ती खालच्या वाडीतून पाखाडीनं वर आली. पाखाडी म्हणजे आमच्याकडच्या जांभ्याच्या पायऱ्या, उभ्या चढाच्या. अर्ध्यावर बसली. मी वरून बघत होतो. उजवा हात डाव्या हातानं धरून बसली होती. वर आल्यावर म्हणाली, "पाखाडी चढताना पण हात भरतो ओ."

आणि मी काय बोललो? मी म्हटलं, "दिवसभर गिअर टाकतेस, दुखणार नाय तर काय? उद्या तिसरा दांडा घालतो, तो हलका हाय."

पाखाडीवर कुठला गिअर होता? नाही, तुम्हीच सांगा, पाखाडीवर कुठला गिअर होता? पण मी मिस्त्री. तिच्या हातानं काही सांगितलं की मी गाडी उघडायची, हीच आमची सव्वीस वर्षांची रीत. हाताकडे बघायची रीत नव्हती. आणि तिचंही तेच. आपला हात खोटं बोलत नाही, दांड्यातच खोट आहे, असं तिला मनापासून वाटत होतं. तिला डॉक्टरकडे चल म्हटलं असतं तर तीच म्हणाली असती, आधी तो दांडा सरळ करा. हे मी स्वतःच्या समाधानासाठी लिहितोय, हेही मला कळतं. मी तिला चल म्हटलंच नाही.

तिसरा दांडा कंपनीच्या दांड्याहून थोडासाच आखूड, खाली नायलॉनची वाटी. वाटीत नवं ग्रीस घातलं, गिअरबॉक्सचं तेलही बदललं. आणि दुसऱ्या सकाळी आम्ही बुरोंडीला निघालो. वळणं, उतार, परतीला चढ. गिअरची सगळी परीक्षा त्या रस्त्यावर होते.

टप मागे टाकला होता. तिनं डोक्यावरून पदर घेऊन दातात धरला. उतारावर गिअर कमी लागतात. खूश होती. "हा बरा वाटतोय," म्हणाली. "हा बोलू देतो."

बुरोंडीला मच्छी उतरत होती. तिथली एक कोळीण तिच्या ओळखीची, तोंडानं फटकळ. आमची गाडी बघून टोपली तशीच सोडून आली.

"काय गो मिस्त्रीण! म्हाताऱ्यानं पळवून आणलान काय तुला?"

"आता कुठं पळतोय तो," ही म्हणाली. "ढकलत आणलाय."

"टप कुठं गेला गाडीचा? पैसे कमी पडले?"

"तुझी टोपली दिसावी म्हणून काढून ठेवला. बांगडे कसे?"

दोघी खिदळल्या. घासाघीस झाली. बांगड्यांची पिशवी तिनं पायांत ठेवली. मी म्हटलं, गिऱ्हाइकाच्या गाडीत वास सुटेल. ती म्हणाली, "बोटीवरचा माणूस, त्याला समुद्राच्या वासाचं काय!" तिचा तो शेवटचा विनोद. मी हसलो नाही. मी गालिच्यावर पाणी गळतं का ते बघत होतो.

परतीचा चढ सुरू झाला. तिसरा, दुसरा, परत तिसरा. मी दाबत होतो, ती टाकत होती. तिसऱ्या वळणावर मी क्लच दाबला आणि गिअर पडलाच नाही. बघतो तर तिचा हात मुठीवर नुसता पडलेला. "थांबा जरा," म्हणाली. कपाळाला घाम होता. मी गाडी कडेला घेतली.

"हा पण जड हाय," ती म्हणाली.

आठ दिवस मी त्या गाडीच्या पोटात वाकलो होतो. माझी कंबर गेली होती. माझं डोकं फिरलं.

"जड, जड! तीन दांडे झाले! दांडा जड नाय, तुझा हात गेलाय. म्हातारी झालीस. उद्यापासून दुसरं कोणीतरी बघतो मी."

तिनं हात पदराला पुसला, परत मुठीवर ठेवला. "दाबा," म्हणाली. वरपर्यंत सगळे गिअर तिनं टाकले. एकदाही थांबली नाही. एकदाही "बसला" म्हणाली नाही.

मी बोललो ते खरं होतं, बघा. दांडा जड नव्हता, तिच्या हातालाच काहीतरी झालेलं. शब्द बरोबर होते. फक्त मी ते शिवी म्हणून वापरले.

घरी आल्यावर तिनं बांगडे साफ केले, मीठ-हळद लावून झाकून ठेवले. मला वाढलं. स्वतः नंतर जेवते म्हणाली. मी जेवलो आणि गॅरेजात गेलो. राग होता, पण कामात मला तिच्याशिवाय कोण होतं? म्हटलं, तिला जड लागतो ना, वाटी काढून घासतो, आणखी सैल करतो. मूठ फिरवून काढली, खिशात टाकली. खालचं चामड्याचं कव्हर सोडवलं. मग वाटलं, उघडण्याआधी एकदा तिच्याकडून बघून घ्यावं, नक्की कुठल्या गिअरला जड लागतो ते.

हाक मारली. "अगो! ये जरा."

ओ आली नाही. मला वाटलं, रुसली. मग मीही बसून राहिलो. टायरवर बसून सुपारी कातरली, खाल्ली. आपण कशाला परत बोलवा, येईल तिची ती. असा किती वेळ बसलो ते मला माहीत आहे, पण लिहिणार नाही. दुसरी हाक मारली ती रागानंच.

ती आतल्या खोलीत चटईवर होती. उजवा हात डाव्या हातानं धरलेला, पाखाडीवर धरला होता तसाच.

शेजाऱ्यांनी दापोलीहून डॉक्टर आणला. तरुण होता. बघितलंन आणि मला बाहेर घेऊन आला.

"हात दुखत होता का त्यांचा?"

"हो. पण तो गिअरमुळे."

"कसल्या गिअरमुळे?"

मी सांगितलं. त्यानं विचारलं, "कुठला हात?"

"उजवा."

"उजव्या हातातही येतं, काका, काही जणांना. हृदयाचं दुखणं. चढावर जास्त व्हायचं?"

"हो."

त्यानं पिशवी बंद केली. शिकलेला माणूस, त्याला कुठे थांबायचं ते कळलं. डावा हात असता तर माझ्यासारख्या अडाण्यालाही शंका आली असती. गावात पाच जणांचं ऐकलंय, डावा हात दुखला आणि गेले. पण आपल्याकडची गाडी अशी की शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाचा उजवा हात गिअरवर येतो. उजव्या हाताचं दुखणं मी उजव्या हाताच्या कामात शोधलं.

चिपळूणला दिलेली आमची मुलगी उन्हं उतरायच्या आत पोचली. बायकांनी हिरवी साडी नेसवली, कुंकू भरलं. "भाग्यवान हो, सवाष्ण गेली, हिंडतीफिरती गेली," असं एकजण म्हणाली, मग सगळ्या म्हणाल्या. मी तिथेच उभा होतो. मला बोलावंसं वाटलं, की बायांनो, ती आठ दिवस मला सांगत होती. रोज सांगत होती. पण मयताच्या घरात कोणी असं बोलत नाही. शेजारणीनं ते बांगडे झाकणासकट उचलले आणि बाहेर नेऊन टाकले. घरात मयत, आता ते खायचे नाहीत. तिनं मीठ किती घातलं होतं तेही कळलं नाही.

उजेड असतानाच सगळं उरकलं. आंघोळीला कपडे काढले तेव्हा खिशातून गिअरची मूठ पडली. न्हाणीच्या दगडावर आपटली आणि गडगडत कोपऱ्यात गेली. तिला पोचवायला गेलो ते ही मूठ खिशात घेऊनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. मुलगी झोपली होती. माझा धाकटा भाऊ मुंबईहून रातोरात आला होता, तो पडवीत बसला होता. मी मूठ घेतली आणि गॅरेजात गेलो. गाडी तशीच होती. दांडा उघडा, मूठ नाही, आट्यांचं टोक वर. बांगड्यांचा वास होता. शेजारच्या सीटपुढे रबरी पायपुसण्याला दोन खवले वाळून चिकटले होते. गिऱ्हाइकाची गाडी मी कधी घाण ठेवत नाही. त्यांना हात लावला नाही.

मी माझ्या सीटवर बसलो आणि मूठ दांड्यावर फिरवून घट्ट केली. गाडी चालू केली. क्लच दाबला. तिसरा दांडा बसवल्यापासून मी तो स्वतः पारखलाच नव्हता. बसवताना नेहमीसारखा खांद्यानं लोटला होता, वाटीत बसला की नाही एवढं बघायला. जड की हलका हे माझं खातंच नव्हतं.

डाव्या हाताची करंगळी मुठीला लावली. जिवंत आहे म्हणून तेवढीच. ढकलली.

पहिला पडला.

ओढली, दुसरा पडला. तिसरा. चौथा. मध्ये कुठे खडा नाही, कुठे अडणं नाही. पाचवा, सहावा. लहान मुलीनं टाकला असता एवढा हलका. परत न्यूट्रलला आणला. आपलं चुकलं असेल म्हणून परत पहिल्यापासून टाकले. इंजीन आता तापलं होतं, तरी तसेच पडले. त्या सकाळी मी किती वेळा टाकले माहीत नाही. कुठल्यातरी एका गिअरला तो जड लागावा म्हणून टाकत होतो. एकदा लागला असता तरी पुरे होतं.

इंजिनाचा आवाज ऐकून भाऊ धावत आला. "दादा, सुतकात काम काढतोस? काल बायको गेली तुझी, लोक काय म्हणतील? हत्यार खाली ठेव."

मी हात वर करून दाखवला. हातात काहीच नव्हतं.

तो गडबडला. आवाज खाली आणून म्हणाला, "काय झालंय गाडीला?"

मी गाडी बंद केली.

"गाडीला काय नाय झालेलं," मी म्हटलं.